स्वनियमन, बालकांचे

राग, भीती किंवा अतिउत्साह चढला की शरीर आणि वागणे पुन्हा ताळ्यावर आणण्याची क्षमता. ती जन्मतः नसते. तान्हे मूल कुशीत घेऊन थोपटल्यावर शांत होते. साधारण तीन ते सहा वर्षांच्या दरम्यान हे काम ते हळूहळू स्वतः करू लागते. ज्यांना ते जड जाते, त्यांच्यासाठी ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजेच रोजची कामे जमावीत यासाठी दिला जाणारा व्यवसायोपचार, आधी शरीराकडे पाहतो. या विचाराचा पाया अमेरिकी व्यवसायोपचारतज्ज्ञ ए. जीन एअर्स यांच्या संवेदी एकात्मतेच्या, म्हणजे स्पर्श, आवाज, हालचाल अशा संवेदना मेंदू कशा जुळवून घेतो याच्या, सिद्धांतात आहे. भारतात या विद्याशाखेचे शिक्षण १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी सुरू केले.

कुकरची शिट्टी होताच कान दाबून पलंगाखाली शिरणारे, नखे कापताना किंचाळणारे मूल हट्टीच असते असे नाही. साधा आवाज वा स्पर्श त्याला सोसवत नसतो. म्हणून सुरुवात नोंदीने होते. एक-दोन आठवडे प्रत्येक उद्रेकाची वेळ, त्याआधी काय घडले, तो किती वेळ टिकला आणि कशाने ओसरला, हे पालक लिहून ठेवतात. भूक, अपुरी झोप, बद्धकोष्ठता, कानदुखी ही कारणे आधी तपासावी लागतात.

त्यानंतर त्या मुलापुरता दिनक्रम आखतात. त्यात स्नायू-सांध्यांवर जोर येणारी कामे मुख्य : कणीक तिंबणे, भिंत ढकलणे, पाण्याची भरलेली बाटली आणून देणे, गाद्यांच्या ढिगावर चढणे. ती अवघड प्रसंगाच्या आधी पाच-दहा मिनिटे करवून घेतात; उदाहरणार्थ, अंघोळीपूर्वी किंवा शाळेत निघण्यापूर्वी. सर्वाधिक घोटाळा इथेच होतो. मूल रडून लाल झाल्यावर झोका दिला, तर ओरडले की झोका मिळतो एवढेच ते शिकण्याची शक्यता असते. ऐन उद्रेकात समजावणेही वाया जाते. तेव्हा आवाज आणि उजेड कमी करावा, मोजके शब्द बोलावेत, जवळ बसावे. शब्दांची वेळ नंतर येते. मूल शांत असतानाच ‘छातीत धडधडतंय’, ‘अंग गरम झालंय’ अशी शरीराची भाषा त्याला शिकवतात.

झोक्याची दिशाही महत्त्वाची. मागे-पुढे, संथ, एका लयीतला झोका बहुधा शांत करतो. गरगर फिरणे उत्तेजित करते आणि त्याचा परिणाम थांबल्यानंतरही रेंगाळतो. चेहरा पांढरा पडणे, घाम, मळमळ दिसताच थांबवावे. गोधडीत गुंडाळताना तोंड-मान मोकळी हवी आणि बाहेर पडणे मुलाच्या हाती हवे. वजनदार पांघरुणे तान्ह्या मुलांसाठी धोक्याची आहेत. नकोसा स्पर्श ‘सवय होईल’ म्हणून लादल्यास भीतीच वाढते.

या संवेदी उपचारांच्या परिणामकारकतेचा पुरावा मर्यादित असल्याचे अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २०१२ मध्ये नमूद केले. त्यामुळे जाणकार थेरपिस्ट ‘वागणूक सुधारेल’ असे मोघम बोलत नाहीत. ‘दात घासताना दोन मिनिटे एका जागी उभे राहील’ असे मोजता येणारे ध्येय ठरवतात. एका वेळी एकच बदल करतात आणि ठरलेल्या मुदतीत फरक पडला नाही, तर तो सोडून देतात.