भाषापालट : पुण्यातील व्यवहार

एकाच संभाषणात, पुष्कळदा एकाच वाक्यात, एका भाषेतून किंवा बोलीतून दुसरीत शिरणे. भाषाविज्ञानात याला ‘कोड स्विचिंग’ म्हणतात. शब्द अडला म्हणूनच माणूस भाषा बदलतो, हा समज अपुरा आहे. समोर कोण बसले आहे आणि त्याने आपल्याला कोण समजावे, यावरही ते ठरते. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या भाषाभ्यासकांनी १९७१ साली सांगली जिल्ह्यातील कुपवाडविषयी लिहिले. तिथले मराठी, कन्नड आणि उर्दू भाषक पिढ्यान्‌पिढ्या रोज भाषा पालटत आले होते. शब्द आपापले राहिले, वाक्यरचना मात्र जवळजवळ एक झाली.

पुण्याला ही सवय जुनीच. पेशवाईच्या कागदांत फारसी शब्दांची रेलचेल आहे. १८८१ मध्ये टिळक-आगरकरांच्या मंडळीने ‘केसरी’ मराठीत काढला आणि ‘मराठा’ इंग्रजीत: आपल्या लोकांशी एका भाषेत, सरकारशी आणि परप्रांतीय सुशिक्षितांशी दुसऱ्या.

उसना शब्द कुठला आणि पालट कुठला, हे मराठीत सामान्यरूपावरून, म्हणजे प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाचे रूप बदलते की नाही यावरून, बरेचसे कळते. ‘टेबल’ घरचे झाले, म्हणून ‘टेबलावर’. ‘लॅपटॉप’ अजून पाहुणा, म्हणून ‘लॅपटॉपवर’. माणूस ‘बँकेत’ जातो, पण ‘मीटिंगमध्ये’ बसतो. ‘ते प्रपोजल क्लायंटला फॉरवर्ड केलंस का?’ या वाक्यात नामे इंग्रजी, पण प्रत्यय, शब्दांचा क्रम आणि सगळा भार उचलणारे ‘करणे’ मराठी. मराठी बुडाली म्हणून हळहळणाऱ्यांनी असे वाक्य एकदा निवांत सोडवून पाहावे.

हिंजवडी-खराडीच्या कचेऱ्यांत इंग्रजीचा एक उपयोग सहसा कोणी बोलून दाखवत नाही. मराठीत तोंड उघडताच ‘तू’ की ‘तुम्ही’ हे ठरवावे लागते. वयाने लहान साहेब आणि वयाने मोठा सहकारी यांची तिथेच पंचाईत होते. ‘यू’ ती मिटवतो. चहाच्या टपरीवर हिंदी येते, कारण घोळक्यात एखादा अमराठी असतोच.

याहून बोचरा पालट मराठीतल्या मराठीत होतो. प्रमाण मराठी घडली ती पुण्यातील सुशिक्षित, मुख्यतः ब्राह्मण, वर्गाच्या बोलीवर. सदाशिव आणि नवी पेठेतल्या अभ्यासिकांत स्पर्धापरीक्षांसाठी विदर्भ-मराठवाड्यातून आलेली मुले पहिल्या काही महिन्यांतच ‘येऊन राहिलो’चे ‘येतोय’ करतात. ‘पुस्तक भेटलं’ म्हटले की ‘पुस्तक मिळतं, माणसं भेटतात’ हे ऐकावे लागतेच. व्याकरण शिकवण्याचा आव असला तरी हे आतले-बाहेरचे ठरवणे आहे, आणि बदलायचे असते ते नेहमी बाहेरच्याने. पेठेतला माणूस वऱ्हाडात गेला तरी ‘का’ऐवजी ‘काऊन’ म्हणत नाही. खोलीवर घरचा फोन आला की मुलांची मूळ बोली क्षणात परतते; दोन वाक्यांत दोन गावे.

रिक्षातला प्रकार निराळा. प्रवासी आणि चालक दोघेही मराठी, पण अनोळखी, म्हणून ‘भैया, डेक्कन चलोगे?’पासून हिंदी सुरू होते. मध्येच एकाचा फोन वाजतो, ‘हो गं, आलोच’ ऐकू येते, आणि सुट्ट्या पैशांवरची हुज्जत मराठीत होते.