रॉस शील्ड

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरील हॉक्स बे या पूर्वकिनारी प्रदेशात प्राथमिक शाळांतील मुलांच्या निवडक संघांमध्ये दरवर्षी होणारी रग्बी स्पर्धा. सुरुवात १९०२ साली. न्यूझीलंडच्या प्रौढ प्रांतिक रग्बीत सर्वांत मानाची समजली जाणारी रॅनफर्ली शील्डही त्याच वर्षी ऑकलंडच्या हाती देण्यात आली. मोठ्यांची ढाल आणि लहानांची ढाल अशा प्रकारे एकाच वयाच्या आहेत.

स्पर्धेत सहा संघ असतात : वायरोआ, नेपियर, हेस्टिंग्ज पूर्व, हेस्टिंग्ज पश्चिम, सेंट्रल हॉक्स बे आणि डॅनिव्हर्क. एखादी शाळा आपल्या नावाने येथे उतरत नाही. त्या त्या भागातील सगळ्या शाळांतून मुले निवडली जातात आणि ती आपल्या गावाचा किंवा तालुक्याएवढ्या परिसराचा संघ म्हणून खेळतात. प्रत्येक संघ उरलेल्या पाचही संघांशी एकेकदा खेळतो, म्हणजे साखळीत एकूण १५ सामने होतात. ते आठवडाभरात, एकाच यजमान गावी उरकले जातात आणि यजमानपद फिरते राहते. न्यूझीलंडमध्ये प्राथमिक शिक्षण आठव्या इयत्तेपर्यंत चालते, त्यामुळे ‘प्राथमिक’ म्हटले तरी खेळाडू ११ ते १३ वर्षांचे असतात. या वयात दोन मुलांच्या उंची-वजनात फार मोठा फरक पडू शकतो आणि टॅकल (चेंडू घेऊन धावणाऱ्याला धरून पाडणे), स्क्रम (दोन्ही संघांतील खेळाडूंनी एकमेकांना भिडून ढकलणे) यांत तो फरक थेट जाणवतो. म्हणूनच न्यूझीलंडच्या बालरग्बीत वयाबरोबर वजनाचाही विचार पूर्वीपासून होत आला आहे.

सहा नावे एका ओळीत मांडली की ती सारखी वाटतात, पण नकाशा वेगळेच सांगतो. नेपियर आणि हेस्टिंग्ज ही जोडशहरे एकमेकांपासून साधारण २० किलोमीटरवर आहेत आणि प्रदेशातील बहुतेक वस्ती त्यांच्याच आसपास आहे. मुलांची संख्या मोठी असल्याने हेस्टिंग्जचे पूर्व-पश्चिम असे दोन संघ पडतात. वायरोआ मात्र नेपियरच्या उत्तरेला डोंगरांतून जाणाऱ्या रस्त्याने शंभराहून अधिक किलोमीटर दूर असलेले छोटे गाव आहे. तेथील लोकवस्तीत न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी माओरींचे प्रमाण मोठे असून तो नाती काहुनुनू या इवीचा, म्हणजे माओरी जमातीचा, मुलूख आहे. सेंट्रल हॉक्स बे म्हणजे वायपावा, वायपुकुराऊ आणि भोवतालची मेंढपाळीची कुरणे. दक्षिण टोकाचे डॅनिव्हर्क १८७२ मध्ये स्कँडिनेव्हियातून आलेल्या वसाहतकारांनी जंगल तोडून वसवले. प्रशासकीयदृष्ट्या ते आज शेजारच्या प्रदेशात मोडते, पण रग्बीच्या नकाशात अजूनही हॉक्स बेचेच आहे. मोठे शहर आणि छोटे गाव यांना या स्पर्धेत एकसारखे स्थान आहे, आणि तिचे खरे मोल त्यातच आहे. दोन वर्गांच्या शाळेत शिकणारा मुलगाही येथे शहरातल्या मोठ्या शाळेतल्या मुलासमोर आपल्या गावाचा प्रतिनिधी म्हणून उभा राहतो.

हॉक्स बे रग्बी युनियनची, म्हणजे प्रदेशाच्या रग्बी संघटनेची, स्थापना १८८४ ची. त्याआधी १८७७ च्या शिक्षण कायद्याने प्राथमिक शिक्षण मोफत, सक्तीचे आणि धर्मनिरपेक्ष झाले होते आणि खेड्यापाड्यांत शाळा उभ्या राहत होत्या. स्पर्धा सुरू झाली त्या काळी शिक्षणाची वाट बहुतेक मुलांसाठी तेथेच संपे. सहावे ‘स्टँडर्ड’ (इयत्ता) झाले, परीक्षा दिली की मुलगा शेतावर, लोकर कातरण्याच्या शेडमध्ये किंवा दुकानात कामाला लागे. शाळा सोडण्याचे किमान वय १५ झाले ते १९४४ मध्ये. त्यामुळे शतकाच्या पहिल्या काही दशकांत प्राथमिक शाळेतील निवड हा असंख्य मुलांच्या बाबतीत शालेय रग्बीतला शेवटचा टप्पा होता, पुढे माध्यमिक शाळेचा संघ त्यांच्या वाट्याला येणारच नव्हता. वय लहान असूनही या स्पर्धेकडे गावे एवढ्या गांभीर्याने का पाहत, ते यावरून समजते.

संघ एकत्र आणणे हेच सुरुवातीला मोठे काम होते. नेपियर-हेस्टिंग्ज रेल्वे १८७४ पासून होती आणि दक्षिणेकडे तोच मार्ग डॅनिव्हर्कपर्यंत १८८४ मध्ये पोचला होता. वायरोआकडे मात्र प्रवाशांची नियमित रेल्वे १९३९ मध्येच गेली. तोवर किनाऱ्याने जाणारी बोट किंवा खडतर रस्ता एवढेच मार्ग होते. सामन्यासाठी एका दिवसात जाऊन परतणे शक्य नसल्याने मुलांना यजमान गावी मुक्काम करावा लागे. पाहुण्या खेळाडूंना स्थानिक कुटुंबांच्या घरी उतरवण्याची, म्हणजे ‘बिलेट’ची प्रथा न्यूझीलंडच्या शालेय खेळात सर्वत्र रूढ आहे आणि रॉस शील्डचा तर ती कणाच आहे. आठवडाभर परक्या घरात राहायचे, त्या घरच्या मुलाबरोबर जेवायचे आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर कदाचित त्यालाच टॅकल करायचे. अशा ओळखी पुढे क्लबच्या सामन्यांत, बाजारात, लग्नकार्यांत भेटत राहतात. निकालांच्या यादीपेक्षा या ओळखींचा इतिहास जास्त महत्त्वाचा आहे, पण तो फारसा लिहिला गेलेला नाही.

या स्पर्धेत खेळणाऱ्या मुलांपुढे मोठ्यांचे उदाहरणही तेवढेच ठसठशीत होते. १९२२ ते १९२७ या काळात रॅनफर्ली शील्ड हॉक्स बेकडे होती. मॉरिस आणि सिरिल ब्राउनली हे भाऊ, बर्ट कुक, जिमी मिल आणि जॉर्ज नेपिया यांच्या त्या संघाने १९२६ मध्ये वेलिंग्टनला ५८–८ आणि ऑकलंडला ४१–११ असे हरवले. नेपिया वायरोआजवळच्या नूहाकाचा. न्यूझीलंडच्या राष्ट्रीय संघाच्या १९२४–२५ च्या ‘अजिंक्य’ दौऱ्यात ब्रिटिश बेटे, फ्रान्स आणि कॅनडामधील ३२ च्या ३२ सामन्यांत तो खेळला. आपल्याच परिसरातला, आपल्यासारख्याच घरातला मुलगा जगात नाव काढतो हे वायरोआच्या मुलांना कोणी वेगळे सांगायची गरज नव्हती. पुढे १९६६ ते १९६९ या काळात केल ट्रेमेनच्या नेतृत्वाखाली ढाल पुन्हा हॉक्स बेत राहिली आणि आणखी एक पिढी तिच्या छायेत वाढली.

प्रदेशावर आलेल्या आपत्तींचे सावट खेळावरही पडत आले आहे. ३ फेब्रुवारी १९३१ च्या भूकंपाने नेपियर आणि हेस्टिंग्ज उद्ध्वस्त झाली, २५६ लोक मृत्युमुखी पडले. फेब्रुवारी २०२३ मधील गॅब्रिएल चक्रीवादळाच्या पुरात घरे, फळबागा आणि मैदाने गाळाखाली गेली. वायकारे दरीवरचा पूल वाहून गेल्याने नेपियर-वायरोआ रस्ता तुटला आणि तात्पुरत्या पुलावरून तो सुरू व्हायला मे महिना उजाडला. सर्वांत दूरचा संघ आणि बाकीचे पाच यांच्यातले अंतर किती नाजूक आहे, हे तेव्हा नव्याने दिसले.

न्यूझीलंडमधील या वयोगटाची दुसरी प्रसिद्ध स्पर्धा म्हणजे उत्तरेकडील रोलर मिल्स शील्ड. ती १९२५ पासून, एका पीठगिरणी कंपनीने दिलेल्या ढालीसाठी खेळली जाऊ लागली. तेथे वेगवेगळ्या रग्बी युनियनचे संघ भिडतात, तर रॉस शील्डमध्ये सगळे संघ एकाच युनियनचे. हा फरक अलीकडच्या वादात महत्त्वाचा ठरतो. एवढ्या लहान वयात निवड करून काहींना वर काढणे आणि बाकीच्यांना मागे ठेवणे योग्य आहे का, असा प्रश्न न्यूझीलंडच्या क्रीडाविश्वात २०१९ च्या सुमारास जोरात उठला. नॉर्थ हार्बर युनियनने त्या वर्षी आपले बाल प्रातिनिधिक संघच बंद केले. क्रिकेट, फुटबॉल, हॉकी, नेटबॉल आणि रग्बी या पाच संघटनांनी मुलांनी एकाच खेळात लवकर अडकू नये अशी भूमिका एकत्र मांडली. आक्षेप रास्त आहे. उशिरा वाढणारा मुलगा बाराव्या वर्षी वगळला गेला की तो खेळच सोडतो, हे अनेक प्रशिक्षक सांगतात. तरीही हाच निकष रॉस शील्डला जसाच्या तसा लावता येत नाही. येथे निवड होते ती पुढच्या पातळीवर चढण्यासाठी नव्हे, तर गावाकडून एक आठवडा खेळण्यासाठी. शिवाय वायरोआ किंवा डॅनिव्हर्कसारख्या ठिकाणी मुलेच इतकी कमी आहेत की संघ पुरा करण्यासाठी निवडकर्त्यांना शाळाशाळांतून खेळाडू शोधावे लागतात.