दहिसर नदी : तुळशीपासून मनोरीच्या खाडीपर्यंत

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात तिकीट काढून आत शिरलं आणि कान्हेरीच्या रस्त्याला लागलं, की पावसाळ्यात झाडीतून पाण्याचा आवाज येत राहतो. सहलीला आलेले लोक त्याला ओढा म्हणतात. उद्यानाबाहेर, हायवेच्या पलीकडे तेच पाणी इमारतींच्या मागून वाहतं, तिथे त्याला सगळे सरसकट नाला म्हणतात. दर मे महिन्यात नालेसफाईची कामं निघतात, तेव्हा तिथलाही गाळ उपसला जातो. ही दहिसर नदी. तिला नाला म्हणायची सवय कशी लागली, हे समजून घ्यायचं तर बरंच मागे जावं लागतं.

मुंबईची उपनगरं ज्या साष्टी बेटावर वसली, त्याच्या मधोमध डोंगरांची एक रांग आहे. तिचा सर्वांत उंच भाग साधारण साडेचारशे मीटरपेक्षा थोडा जास्त. या डोंगरांतून चार नद्या निघतात : मिठी, ओशिवरा, पोयसर आणि दहिसर. मिठी दक्षिणेकडे माहीमच्या खाडीला जाते, बाकीच्या तिघी पश्चिमेला उतरतात. त्यांतली सर्वांत उत्तरेची दहिसर. तिचा उगम तुळशी तलावापाशी धरतात. तिथून उद्यानाचं जंगल, मग श्रीकृष्ण नगर, दौलत नगर, कांदरपाडा, दहिसर गावठाण आणि शेवटी मनोरीची खाडी. सगळी मिळून जेमतेम १२ किलोमीटर. सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाआधी ती काठाकाठाने चालून संपवेल, अर्थात काठ मोकळा असता तर.

अंतर लहान आणि उतार मोठा, हाच तिचा स्वभाव. डोंगरावर दोन तास झोडपून पाऊस पडला की ती तांबूस, फेसाळ होऊन धावते, आणि पाऊस थांबला की तेवढ्याच झपाट्याने उतरते. गणपती होऊन गेले की धार बारीक व्हायला लागते. होळीपर्यंत जंगलातल्या पात्रात मोठमोठे धोंडे, कातळ आणि अधूनमधून साचलेले डोह एवढंच उरतं. त्या डोहांवर रानातली जनावरं उन्हाळा काढतात. काठाला करंज, उंबर, जांभूळ आणि बांबूची बेटं. पहिल्या पावसात कातळाच्या फटींतून मुठे, म्हणजे गोड्या पाण्यातले खेकडे, बाहेर पडतात. उद्यानातल्या पाड्यांवरच्या वारली कुटुंबांना कुठल्या धोंड्याखाली हात घालायचा हे बरोबर माहीत असतं. बारमाही वाहणाऱ्या नदीशी हिची तुलना करू नये. कोकणपट्टीतली ही पावसाळी नदी आहे आणि कोरडं पात्र हा तिच्या वर्षाचाच एक भाग आहे.

पाऊस चार महिनेच पडतो आणि पडलेलं पाणी थांबत नाही, ही गोष्ट या डोंगरावर सर्वांत आधी ओळखली ती कान्हेरीच्या भिक्खूंनी. साधारण दोन हजार वर्षांपूर्वीपासून पुढे हजारेक वर्षं इथे लेणी खोदली जात होती. आजही शंभरावर लेणी आहेत. लोक चैत्यगृह बघून परततात. मी कुणाला घेऊन गेलो, की आधी लेण्यांच्या बाहेरचा कातळ बघायला लावतो. छताच्या वरच्या उतारावर बोटभर रुंदीच्या पन्हळी कोरलेल्या आहेत. त्या पावसाचं पाणी गोळा करून दाराशी खोदलेल्या टाक्यात आणून सोडतात. शिलालेखांत या टाक्यांना 'पोढी' म्हटलं आहे, आणि व्यापारी, कारागीर, उपासक अशा कितीतरी जणांनी पोढी दान दिल्याच्या नोंदी आहेत. सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी महाक्षत्रपाची, म्हणजे शक राजाची, कन्या होती, ही इतिहासातली महत्त्वाची सोयरीक आपल्याला कळते तीही इथल्या एका पाण्याच्या टाक्यावरच्या लेखातून. अमात्य शतेरकाच्या दानाचा तो लेख आहे. दोन राजघराण्यांतलं नातं पाणवठ्यावर कोरून ठेवावं, इतकी पाण्याची किंमत त्या काळी होती.

भिक्खूंनी उतारावर पडणारं पाणी टाक्यांत धरलं. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईने याच डोंगरात धरणं बांधली. विहिरी आणि तळी पुरेनाशी झाली तेव्हा १८६० मध्ये विहार तलाव पूर्ण झाला आणि शहराला पहिल्यांदा नळाचं पाणी मिळालं. ते दहा वर्षांतच कमी पडू लागलं. मग शेजारच्या खोऱ्यातलं पाणी अडवून विहारकडे वळवायची योजना १८७२ च्या सुमारास आली. पुढे तिथेच स्वतंत्र तलाव बांधायचं ठरलं आणि १८७९ मध्ये तुळशी तलाव तयार झाला. त्या वेळच्या मुंबईसाठी ते मोठं काम होतं. आजच्या हिशेबात मात्र तुळशी काठोकाठ भरला तरी त्यात ८०४.६ कोटी लिटर पाणी मावतं, आणि शहराची रोजची भूक चारशे कोटी लिटरच्या घरात आहे. म्हणजे अख्खा तलाव दोन दिवसांत संपेल. पण नदीच्या बाजूने बघितलं तर तिच्या माथ्यावरचं पाणी दीडशे वर्षांपूर्वीच शहराच्या नावावर झालं. खाली वाहतं ते डोंगराच्या बाकीच्या उतारांवरचं आणि बाजूच्या ओढ्यांचं.

या तलावांनीच जंगलही वाचवलं, हेही सांगायला हवं. पिण्याच्या पाण्याचं पाणलोट क्षेत्र म्हणून डोंगर राखले गेले. स्वातंत्र्याच्या सुमारास कृष्णगिरी नावाने छोटं राष्ट्रीय उद्यान झालं. 'कान्हेरी' हे नाव याच कृष्णगिरीवरून आलं असं मानतात. नंतर ते बोरिवली नॅशनल पार्क आणि मग संजय गांधी राष्ट्रीय उद्यान झालं. आज ते सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. मुंबईकरांना ठाऊक असतो तो त्याचा पुढचा तुकडा : गांधी टेकडी, वनराणी या छोट्या रेल्वेगाडीचे रूळ, चितळांचं कुंपण आणि नौकाविहाराचं तळं. ते तळं म्हणजे बंधारा घालून थोपवलेली दहिसर नदीच. पेडल मारत फिरणाऱ्या कित्येक पोरांनी आयुष्यात पहिल्यांदा नदीवर पाऊल ठेवलेलं असतं ते इथे, आणि त्यांना ते कुणी सांगितलेलं नसतं.

उद्यानाची हद्द संपते आणि काही पावलांत सगळं बदलतं. बोरिवली आणि दहिसर ही १९५७ पर्यंत बृहन्मुंबईच्या हद्दीबाहेरची गावं होती. नदीकाठी भातखाचरं, वाड्या, गावठाणं. महापालिकेची हद्द इथवर आली, पाठोपाठ द्रुतगती महामार्ग आला, रेल्वेने येणारी वस्ती दरवर्षी वाढत गेली. गोठे नदीकाठी होते, शेणमूत पाण्यात गेलं. धोबीघाट झाले. छोटे कारखाने, गॅरेज आले. झोपड्यांना मलवाहिन्या मिळाल्या नाहीत आणि पक्क्या इमारतींचं सांडपाणीही जागोजागी नदीतच सोडलं गेलं. घरांनी नदीकडे पाठ केली. स्वयंपाकघराच्या आणि संडासाच्या खिडक्या तेवढ्या तिच्या बाजूला राहिल्या. एका पिढीत नदीचा नाला झाला तो असा.

दौलत नगरच्या पुलावर जानेवारीत उभं राहून खाली बघावं. पाणी आहे, वर्षभर असतं. वर जंगलात कातळ कोरडा पडलेला असतानाही इथे राखाडी प्रवाह चालूच असतो. पावसाळी नदी शहरात येऊन बारमाही होते ती आपल्या सांडपाण्याने.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्या दिवशी देशभर नाव झालं मिठीचं, पण दहिसरच्या काठच्या वस्त्यांतही पाणी शिरलं होतं. कारण समजायला अवघड नाही. डोंगरावरून सुटलेलं पाणी तासाभरात खाली येतं, पात्र घरांनी आणि भरावाने आवळलेलं असतं, आणि त्याच वेळी खाडीला मोठी भरती असली तर पुढे जायला वाट उरत नाही. मग ते पाणी बाजूला पसरतं. पुरानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. पुढच्या वर्षांत पात्र रुंद करणं, गाळ काढणं आणि दोन्ही बाजूंना संरक्षक भिंती बांधणं अशी कामं झाली.

या भिंतींबद्दल माझं मत सरळ आहे. जिथे घर अगदी पाण्याला टेकलं आहे तिथे भिंत लागेल, ते मान्य. पण काठ सगळीकडे सिमेंटने बांधून काढला की जमिनीत मुरणारं आणि जमिनीतून पात्रात झिरपणारं पाणी तुटतं, काठाचं झाड जातं, आणि लोकांच्या नजरेत ती कायमची गटार होते. गेल्या दशकात 'रिव्हर मार्च' या नावाने नागरिक नदीकाठी चालू लागले, सफाई करू लागले आणि मुख्य म्हणजे तिला नदी म्हणा असा आग्रह धरू लागले. शब्दाचा हा हट्ट मला फार मोलाचा वाटतो. नाल्यात सांडपाणी सोडलं तर कुणी जाब विचारत नाही. नदीत सोडलं तर विचारता येतो. आता सांडपाणी अडवून त्यावर प्रक्रिया करण्याच्या योजना पालिकेने हाती घेतल्या आहेत. त्यांचा खरा कस जानेवारीतल्या त्या पुलावर लागेल, जुलैत नाही.

नदी जागा बदलते, याची खूण बोरिवली पश्चिमेलाच आहे. मंडपेश्वरची शैव लेणी खोदली गेली तेव्हा ती दहिसर नदीच्या काठावर होती असं सांगतात. आज नदी तिथून लांब आहे, तिने पात्र बदललं. त्या लेण्यात नटराजाचं शिल्प आहे आणि एका भिंतीवर कोरलेला क्रूसही आहे. पोर्तुगीज साष्टीत आले तेव्हा लेण्याचं प्रार्थनास्थळ झालं, वर मठ उभा राहिला. पुढे १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी साष्टी आणि वसई घेतली. वरच्या मठाच्या आता नुसत्या भिंती उभ्या आहेत, आणि खाली महादेवाची पूजा होते.

दहिसर गावठाण मागे टाकलं की जमीन सपाट होते आणि चिखलात तिवरांची मुळं दिसू लागतात. इथे नदीला भरतीच्या वेळी उलट वाहताना बघता येतं. खाडीचं पाणी आत शिरतं, वरून आलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या तिवरांच्या फांद्यांना अडकवून ठेवतं, आणि ओहोटी लागली की बगळे त्याच चिखलात मासे टिपायला उतरतात.