नेतृत्वाच्या टप्प्यांची कल्पना कुठून आली?

नेता जन्मावा लागतो, ही समजूत जुनीच. १८४० मध्ये लंडनला दिलेल्या व्याख्यानांतून लेखक थॉमस कार्लाइलने तिला वजन मिळवून दिले आणि १८६९ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनने प्रतिभेचे मूळ आनुवंशिकतेत शोधले. नेता असा उपजतच तयार असेल, तर तो टप्प्याटप्प्याने कसा वाढतो हे तपासण्याचे कारणच उरत नाही. बराच काळ ते कुणी फारसे तपासलेही नाही.

या समजुतीला धक्का बसला १९४८ मध्ये. राल्फ स्टॉगडिल या अमेरिकी संशोधकाने आधीच्या चार दशकांतले १२४ अभ्यास चाळले. ठरावीक गुण अंगी असले की माणूस कुठेही नेता होतोच, असे त्याला दिसले नाही. परिस्थिती बदलली की लागणारे गुणही बदलतात. १९५५ मध्ये रॉबर्ट कॅट्झने हाच धागा हुद्द्यांना लावला. खालच्या पायरीवर कामाची तांत्रिक जाण महत्त्वाची, वर जाल तसा तिचा वाटा घटतो आणि संस्थेकडे एकसंध पाहण्याची क्षमता जास्त लागते. माणसे सांभाळण्याचे कसब मात्र कुठल्याच पायरीवर सुटत नाही.

पण खरोखर कोण कसा वाढतो, हे बघायला वर्षानुवर्षे माणसांच्या मागे राहावे लागते. ते काम एटी अँड टी या टेलिफोन कंपनीत डग्लस ब्रे यांनी १९५६ मध्ये हाती घेतले. ४२२ तरुण कर्मचारी, सगळे पुरुष. प्रत्येकाची काही दिवस कसून परीक्षा आणि तिच्यावरून कोण किती वर चढेल याचे भाकीत. त्यातली एक चाचणी अशी: समोर पत्रे, तक्रारी, निरोप यांचा ढीग, विचारायला कोणी नाही, कशाला आधी हात घालायचा, कोणते काम कुणाकडे सोपवायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. निकाल ना त्या तरुणांना सांगितले, ना त्यांच्या साहेबांना, आणि मला हाच या अभ्यासातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय वाटतो. साहेबाला निकाल कळला असता तर त्याने त्याप्रमाणेच बढत्या दिल्या असत्या आणि भाकीत आपोआप खरे ठरले असते. पुढे काही वर्षांनी पाहिले तेव्हा भाकिते बऱ्यापैकी जुळली होती. मात्र सुरुवातीच्या वर्षांत कस लागणारे काम ज्यांना मिळाले नाही, त्यांतले बरेच होतकरूही मागे पडले होते.

१९७० च्या दशकात वॉल्टर माहलर यांनी जनरल इलेक्ट्रिक या कंपनीसाठी काम करताना कारकिर्दीतल्या वळणांची, म्हणजे एका पायरीवरून वरच्या पायरीवर जाण्याच्या टप्प्यांची, मांडणी केली. तिच्यावरूनच राम चरण, स्टीफन ड्रॉटर आणि जेम्स नोएल यांनी २००१ मध्ये सहा वळणांचा नकाशा लोकांपुढे ठेवला. त्यांचे म्हणणे असे की वळणावर नवे शिकणे पुरत नाही; वेळ कशावर घालवायचा आणि कोणत्या कामाला काम म्हणायचे, हेही बदलावे लागते. नवा पर्यवेक्षक हाताखालच्याचे काम स्वतःच ओढून घेऊन रात्री उशिरापर्यंत बसतो, तेव्हा तो मनाने अजून आधीच्याच पायरीवर असतो.

लॉरेन्स पीटरने १९६९ मध्येच याची टर उडवली होती: नोकरशाहीत माणूस आपल्याला न झेपणाऱ्या पदापर्यंत चढत राहतो. लिहिले गमतीत, पण १३१ अमेरिकी कंपन्यांतल्या विक्री कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासून २०१९ मध्ये अर्थतज्ज्ञांनी जवळपास तेच दाखवले. सर्वांत जास्त विक्री करणाऱ्यांना बढती मिळण्याची शक्यता अधिक होती, आणि अशांच्या हाताखाली गेलेल्यांची कामगिरी मात्र तुलनेने खालावली होती.