कोकोचं रोप नेण्याआधी

आमच्या नागपूरच्या नर्सरीत कोकोचं रोप दिसलं की पहिला प्रश्न ठरलेला: "याला चॉकलेट कधी लागणार?" आधी हे झाड त्याच्या जंगलात कसं राहतं ते पाहा, मग घरी काय करायचं ते बरंचसं आपोआप कळेल.

कोको मूळचा अॅमेझॉन खोऱ्याच्या वरच्या भागातला. तिथल्या सदाहरित जंगलात तो उंच झाडांच्या सावलीत वाढतो. हवा कायम दमट, वारा अडलेला, बुडाशी कुजणाऱ्या पानांचा जाड थर. फुलं थेट खोडावर आणि जाड फांद्यांवर येतात, आपल्या फणसाला फळं धरतात तशी. फूल जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचं, फिकट, पाच पाकळ्यांचं. परागीकरण मुख्यतः दोन-तीन मिलिमीटरची चिलटं करतात आणि ती त्या कुजक्या पाल्यातच वाढतात. बहुतेक फुलं एक-दोन दिवसांत गळतात. जे फळ धरतं, ते पिकायला पाच-सहा महिने. पिकलं तरी ते आपणहून फुटत नाही. माकडं, खारी ते फोडून आंबटगोड पांढरा गर चोखतात आणि कडू बिया टाकून देतात. झालं रोप!

जास्वंद, भेंडी आणि आपला कापूस ही याचीच भावकी. पण कापसाची काळी माती याला नको. पाणी साचून मुळं कुजतात. कुंडीत पालापाचोळ्याचं खत भरपूर घाला, वर वाळका पाला पसरा आणि तो झाडून काढू नका.

कोकोला साधारण 18 ते 32 अंश तापमान मानवतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. उन्हाळाभर रोप शेडनेटखाली किंवा पडवीत ठेवा, सकाळ-संध्याकाळ पानांवर पाणी फवारा. कूलरच्या थेट झोतात नको. थंडीत रात्री आत घ्या.

नवी पालवी तांबूस असते आणि मान टाकल्यासारखी लोंबते. रोप सुकलं समजून पाणी ओतू नका. तिची रीतच तशी.

ऑनलाइन मिळणाऱ्या वाळक्या बिया रुजत नाहीत, पैसे घालवू नका.

फळाचं म्हणाल, तर केरळ, कर्नाटक, आंध्रात नारळ-सुपारीच्या सावलीत कोकोच्या बागा आहेत. नागपुरात फळाची हमी आम्ही देत नाही, रोप शोभेचं म्हणूनच विकतो. एप्रिल-मेमध्ये तर विकतच नाही. मृगाचा पाऊस पडला की या.