ओरखडा जातो कुठे?

सीडीवर दोन मिलिमीटरचा ओरखडा असला तरी गाणं बहुधा सुरळीत वाजतं. फिलिप्स आणि सोनी यांनी 1980 मध्ये ठरवलेल्या मानकात, चुका होणारच हे आधीपासून धरलेलं आहे.

आवाजाचे नमुने, म्हणजे क्षणाक्षणाला मोजलेल्या आवाजाचे आकडे, 24-24 बाइटच्या गठ्ठ्यांत बांधतात आणि प्रत्येक गठ्ठ्याला पडताळणीचे 8 बाइट जोडतात. हे बाइट मूळ 24 वरूनच गणित करून काढलेले असतात, म्हणून थोडे बाइट बिघडले तर उरलेल्यांवरून ते पुन्हा काढता येतात. हे गणित अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी 1960 मध्येच मांडलं होतं.

पण ओरखडा एकदोन बाइट खात नाही, सलग शेकडो खातो. पोथीचं अख्खं पान वाळवीनं खाल्लं तर तो मजकूर गेलाच. तेवढीच अक्षरं वेगवेगळ्या पानांवरून एकेक करून गेली असती, तर वाचणाऱ्यानं ती सहज भरली असती. सीडीत म्हणूनच एका गठ्ठ्याचे बाइट शेजारी न लिहिता 109 गठ्ठ्यांत, म्हणजे माहिती ज्या बारीक खाचांत लिहिलेली असते त्यांच्या गोल फिरत जाणाऱ्या वाटेवर सुमारे 18 मिलिमीटरभर, विखरून लिहितात. वाचताना यंत्र ते गोळा करतं आणि एक मोठी जखम अनेक किरकोळ चुकांत वाटली जाते. वाटेच्या दिशेनं अडीच मिलिमीटरपर्यंतचं नुकसान असं पूर्ण भरून निघतं. सीडी गोल न पुसता मधून काठाकडे पुसायची ती यासाठीच: आडवा ओरखडा वाट फक्त ओलांडतो, गोल ओरखडा वाटेसोबत लांबत जातो.

नुकसान याहून मोठं असेल तर यंत्र अंदाज करतं. मला सगळ्यात हुशारी इथे दिसते. सम आणि विषम क्रमांकाचे नमुने मुद्दाम एकमेकांपासून दूर लिहिलेले असतात, त्यामुळे एक हरवला तरी त्याच्या आधीचा आणि नंतरचा बहुधा शाबूत राहतो. त्या दोघांची सरासरी मधे घातली जाते. कानाला फरक कळत नाही, पण तो मूळ आवाज नव्हे. अंदाजही जमला नाही, तर तेवढा क्षण आवाज बंद होतो.

संगणकाच्या माहितीला अशी सरासरी चालत नाही. हिशेबात 5 आणि 9 च्या मधला हरवलेला आकडा 7 च असेल कशावरून? म्हणून तिथे दुरुस्तीचा आणखी एक थर असतो.

घरातल्या सीडी संगणकावर उतरवणार असाल, तर गाणं नीट ऐकू आलं एवढ्यावर प्रत अचूक मानू नका. तोच भाग पुन्हा वाचून ताडून पाहणारं सॉफ्टवेअर वापरा. आणि छापील बाजू जास्त जपा. खालचं 1.2 मिलिमीटर जाडीचं प्लास्टिक घासून गुळगुळीत करता येतं. पण छपाईखालचा ॲल्युमिनियमचा थर खरवडला गेला, की तिथलं गाणं परत येत नाही.