जस्तसमृद्ध धान्य (बेळगाव सीमाभाग)

भात, गहू, जोंधळा अशा रोजच्या धान्याच्या दाण्यातच जस्ताचे, म्हणजे झिंकचे, प्रमाण वाढवून आहारातील कमतरता भरून काढण्याची पद्धत. यात गोळी नाही, पिठात काही मिसळणे नाही. काम बियाण्यापासून सुरू होते.

जस्त कमी पडले की मुलांची वाढ खुंटते, जुलाब लांबतात, जखमा लवकर भरत नाहीत. माणसातील ही कमतरता १९६०च्या दशकात आनंद प्रसाद यांनी इराण व इजिप्तमधील अभ्यासांतून उजेडात आणली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२०च्या शिफारशीनुसार पुरुषाला रोज १७, स्त्रीला १३.२ मिलिग्रॅम जस्त लागते.

खानापूरकडे ताटात भात, अथणी-चिकोडीकडे जोंधळ्याची भाकरी. दोन्हीकडे अडचण जमिनीपासूनच आहे. पूर्वेकडच्या चुनखडीयुक्त काळ्या रानात सामू (पीएच) जास्त, म्हणून जस्त असूनही मुळांना मिळत नाही. स्फुरदाची (फॉस्फरसची) खते जादा पडली तर आणखी अडते. पाणी साचलेल्या भातखाचरातही तेच. पानांवर तांबूस ठिपके पडणारा भाताचा ‘खैरा’ हा याच कमतरतेचा रोग. म्हणून नुसते सुधारित बी पुरत नाही, झिंक सल्फेटही द्यावे लागते. दाण्यात जस्त उतरवायचे तर फुलोऱ्यानंतरची फवारणी अधिक उपयोगी.

सडून कोंडा काढलेल्या पांढऱ्या तांदळात किलोला साधारण १२ ते १६ मिलिग्रॅम जस्त असते. हैदराबादच्या भात संशोधन संस्थेच्या ‘डीआरआर धान ४५’मध्ये २२.६. रोज ३०० ग्रॅम तांदूळ खाणाऱ्याला यातून अडीच मिलिग्रॅमच्या आसपास जादा मिळते. थोडे वाटेल, पण रोजचे आहे. पुण्याच्या आघारकर संस्थेचा बन्सी जातीचा गहू ‘एमएसीएस ४०२८’ हा महाराष्ट्र-कर्नाटकासाठीच असून त्यात सुमारे ४० मिलिग्रॅम जस्त आहे. २०१८मध्ये आलेली ‘परभणी शक्ती’ ज्वारी (३२ मिलिग्रॅम) खरिपाची. इकडच्या भाकरीला मात्र रब्बीचा शाळू लागतो, आणि मालदांडी या जुन्या शाळूच्या वाणाची चव सोडायला कोणी सहज तयार होत नाही.

जादा जस्ताने दाण्याचा रंग वा चव बदलत नाही. सोयीचेच, पण त्यामुळे बाजारात त्याला वेगळा भावही मिळत नाही. शेतकरी उतारा, म्हणजे उत्पादन, पाहूनच वाण निवडतो. पोटात गेलेले सगळे जस्त अंगी लागत नाही, कारण कोंड्यातला फायटेट नावाचा घटक ते बांधून ठेवतो. आंबवल्याने फायटेट घटते. त्या हिशेबाने नाचणीची आंबवलेली आंबील आणि आंबोळी भाकरीपेक्षा उजव्या ठरतात.